केक कोणाच्या हातचा खायचा

काल तुमच्या नावानं बुद्धवंदना झाली. वस्तीतले सगळे आले होते. चार जण उठून बोलले. तुम्ही लढाईवर कुठे कुठे होतात, ट्रक किती वर्षं चालवलात, वस्तीतल्या कुणाला कधी मदत केलीत, ते सगळं सांगून झालं. मी पांढरी साडी नेसून पुढे बसले होते आणि ऐकत होते. ते ज्याच्याबद्दल बोलत होते तो माणूस चांगला होता असं वाटत होतं. पण तो कुणी ओळखीचा आहे असं वाटत नव्हतं.

मला अजून रडू आलेलं नाही. आपली पोर शीला रडते. मी तिला जवळ घेते, पाठीवरून हात फिरवते, आणि माझं लक्ष भिंतीवरच्या पालीकडे जातं. शेजारच्या बाया जेवण आणून देतात. भाकर असते, पिठलं असतं, ठेचा असतो. मी खाते. मीठ कळत नाही. तिखटानं डोळ्यांत पाणी येतं, तेवढंच.

तुमचा जीव मूर्तिजापूरच्या अलीकडे गेला, रेल्वेच्या फाटकापाशी. शेंदूरजनाघाटची संत्री भरून अकोल्याला येत होतात. फाटक बंद होतं. फाटकवाला घरी येऊन मला सांगून गेला. म्हणाला, गाडी गेली, फाटक उघडलं, मागच्यांनी हॉर्न वाजवले, पण तुमचा ट्रक हलेना. त्यानं वर चढून पाहिलं. इंजिन बंद केलेलं होतं. हँडब्रेक ओढलेला होता. "बाई, त्यायनं गाडी नीट लावली होती," असं तो पुन्हा पुन्हा सांगत होता, जणू मला तेवढंच ऐकायचं होतं. मी त्याला चहा दिला. संध्याकाळी व्यापाऱ्याचा माणूस आला. संत्री दुसऱ्या गाडीत भरून नेली, रागावू नका, माल टिकत नाही, म्हणाला. मी म्हटलं, बरं केलं.

तुमच्याशी भांडायचं राहिलंय. तेवढ्यासाठी लिहिते आहे.

लग्न झालं तेव्हा तुम्हाला लढाईवरून परत येऊन वर्ष झालं होतं. मी सातवी पास झालेली होते, गावात शिकलेली मुलगी म्हणून मिरवत आले होते. सासरी आल्यावर पहिल्याच महिन्यात एका रविवारी तुम्ही माझ्या हातातली परात काढून घेतलीत. गव्हाच्या पिठात अंडी फोडलीत, तासभर मळलंत, पोळपाट पुरेना म्हणून दाराची फळी धुऊन तिच्यावर लाटलंत आणि चाकूनं लांब लांब पट्ट्या कापून खाटेच्या दोरीवर वाळत घातल्यात. सासूबाई अंगणातून ओरडल्या, "अरे, तू माणूस हायेस का बाई? लोक काय म्हनतीन?"

तुम्ही वर न पाहता म्हणालात, "लोकायले म्हना, जेवाले या."

लोक आले नाहीत. आपण तिघांनीच खाल्लं. भेदराचा रस, म्हणजे टमाटरचा, लसणावर आटवलेला, वर तिळाचं तेल. तुम्ही म्हणालात, तिकडचं, इटलीतलं तेल वेगळं असतं, त्याच्याशिवाय ही चव अर्धीच. सासूबाईंनी अर्धीच चव दोनदा मागून घेतली आणि नाव ठेवलं 'लांब्या शेवया'. आपल्या घरात त्याचं नाव शेवटपर्यंत तेच राहिलं.

मग एकेक निघत गेलं. बगदादच्या वाटेवर शिकलेल्या खजुराच्या करंज्या, भट्टीत भाजायच्या, तळायच्या नाहीत. मिसरमधले, म्हणजे इजिप्तमधले वाल, रात्रभर राखेत मडकं पुरून शिजवलेले, वर लिंबू आणि जिरं. तुमचा ट्रक जिथून जिथून गेला तिथलं काहीतरी तुम्ही उचलून आणलं होतं. दुसरे सैनिक घड्याळं घेऊन आले, कांबळी घेऊन आले. तुम्ही खायचं घेऊन आलात. मी वैतागायचे. रविवारी माझं स्वयंपाकघर उधळलेल्या बाजारासारखं व्हायचं. पितळी पातेलं जळायचं, पीठ कपाळापर्यंत उडालेलं असायचं, आणि वर तुमचं चालू, "बाजूले हो जरा. काहून मधी मधी येतेस?"

"माझं घर आहे ते!"

"घर तुजं. रविवार माजा."

तुमच्या रविवारांत मी काय करत होते, ते आपण दोघांनी कधी बोलून दाखवलं नाही. मी ओसरीत बसून पुस्तकं वाचत होते. मास्तरीणबाईच्या ट्रेनिंगची परीक्षा मी तशीच दिली. आपल्या वस्तीत कुठल्या बाईला असा आख्खा दिवस मोकळा मिळत होता? तुम्ही ते ठरवून केलंत की तुम्हाला खरंच लाटण्याचा नाद होता, हे मला माहीत नाही. विचारलं असतं तर तुम्ही उडवून लावलं असतंत. मी विचारलं नाही. पातेल्यांवरून भांडत राहिले आणि नोकरीला लागले.

ती इटलीतली म्हातारी तुम्ही मला एकदाच सांगितलीत. आपण नागपूरहून दीक्षा घेऊन परत येत होतो. गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती. बडनेऱ्याला सकाळी गाडी खूप वेळ थांबली म्हणून आपण फलाटावर उतरलो. सासूबाई गाठोड्यावर बसून पेंगत होत्या. सगळ्या फलाटावर आपलीच माणसं, पांढऱ्या कपड्यांत. कुणीतरी नळावर पाणी पीत होतं. तुम्ही त्या नळाकडे बराच वेळ पाहत होतात आणि मग एकदम बोलायला लागलात.

डोंगरात बर्फात ट्रक अडकला होता. गाव बॉम्बनं पडलं होतं. एक घर अर्धं उभं होतं, त्यातून एक म्हातारी बाहेर आली आणि तुमच्या हाताला धरून आत घेऊन गेली. चुलीवर मक्याचं पीठ शिजत होतं, आपल्या कण्यांसारखं, पण घट्ट. तिनं ते सगळं मेजावरच्या लाकडाच्या फळीवर ओतलं. ताट नाही, वाटी नाही. घरातली माणसं चारी बाजूंनी बसली. ज्यानं त्यानं आपल्या कडेनं खायला सुरुवात करायची आणि खात खात मधे यायचं, अशी त्यांची रीत.

"मी उभाच होतो," तुम्ही म्हणालात. "मले वाटलं, माज्यासाठी येगळं काढतीन. दाराशी देतीन. आपल्याले तेच माहीत. पाटलाच्या लग्नात आपन उकिरड्याजवळ बसत होतो न."

"मग?"

"मंग काय. तिनं चमचा हातात देला. बस म्हने. मी बसलो. खाता खाता माजी कड अन् तिच्या नातवाची कड एक झाली. तो पोट्टा माज्याकडे पाहून हासला."

"तिनं विचारलं नाही, कोण, कुठला?"

"नाई इचारलं." मग तुम्हीच पुढे म्हणालात, "तिले इचारता येतच नव्हतं म्हना. तिची भाषा मले येत नव्हती." आणि तुम्ही हसलात. पण डोळे हसत नव्हते. गाडीनं शिट्टी दिली, आपण सासूबाईंना उठवून आत ढकललं.

मला वाटलं, आता कळलं मला, हा माणूस रविवारी काय करतो ते. आता मी भांडणार नाही. पण पुढच्याच रविवारी तुम्ही मक्याचं पीठ माझ्या पितळी पातेल्यात असं लावलंत की ते महिनाभर निघालं नाही. मी पुन्हा भांडले.

अंगणातली भट्टी तुम्ही शीला पाळण्यात असताना बांधलीत. विटा, माती, गूळ, कुटार म्हणजे भुसा, सगळं तुडवून तयार केलेला घुमट. तो तापवायला पऱ्हाट्या, कारण कपाशीचं ते काटूक भडभड जळतं आणि भट्टी लवकर लाल होते. मग निखारे ओढून काढायचे, ओल्या फडक्यानं तळ पुसायचा आणि पाव सरकवायचे. यीस्ट मिळायचं नाही. तुम्ही पीठ आंबवून मडक्यात जपून ठेवायचात, रोज त्याला थोडं पीठ-पाणी भरवायचात. त्या मडक्याचा वास सगळ्या गल्लीत पसरायचा.

दारूबंदीचे दिवस होते. कुणीतरी चुगली केली. हवालदार दारात येऊन उभा राहिला.

"भट्टी कुठं हाये?"

"हे काय, समोरच," तुम्ही म्हणालात.

"माल कुठं हाये?"

"आत हाये. थांबा जराक, अजून लाल झाला नाई."

हवालदारानं मडक्यावरचं फडकं उचललं आणि तोंड फिरवलं. "हे काय हाये?"

"पीठ."

"पीठ असं वास मारते?"

"आंबलेलं हाये."

"म्हंजे दारूच न!"

"पिऊन पाहा मंग."

मी दारामागे उभी होते. नोकरी जाईल, इभ्रत जाईल, एवढंच डोक्यात. तुम्ही मात्र लांब दांड्याची फळी घालून पाव बाहेर काढलेत, एक मोडलात आणि वाफेसकट त्याच्या हातात ठेवलात. त्यानं फुंकून फुंकून खाल्ला. मग बसला. मी चहा केला. जाताना धोतराच्या जुन्या फडक्यात दोन पाव बांधून घेऊन गेला आणि चुगलखोराचं नाव पण सांगून गेला. पुढे अधूनमधून येत राहिला, तपास करायला.

त्या हवालदारावरून तुम्ही पुढचं सगळं ठरवलंत. त्या संध्याकाळी म्हणालात, "पाहिलं? त्यानं इचारलं नाई, कोनाच्या हातचं."

"घाईत होता."

"घाईत नव्हता. त्याले आठवलंच नाई इचारायचं." तुम्ही खाटेवर उठून बसलात. "आयक. पुरनाची पोयी कोनाच्या हातची खायची, हे त्यायचं ठरलेलं हाये. भाकर कोनाच्या हातची, पानी कोनाच्या हातचं, सगळं ठरलेलं. पन केक कोनाच्या हातचा खायचा, हे अजून कोनी ठरवलं नाई. ते ठरवाच्या आधी आपन खाऊ घालून टाकू."

मी म्हटलं, "ठरवायला त्यांना किती वेळ लागतो? एक घास."

हे आपलं भांडण. एवढंच. पुढची सगळी वर्षं आपण ते भांडलो.

शाळेत संक्रांतीनंतर बायांचं संमेलन असायचं. प्रत्येकीनं काहीतरी करून आणायचं. मी लाडू नेले होते एकदा, नोकरीला लागले त्या वर्षी. डबा भरलेला परत आला होता. सगळ्यांची पोटं भरलेली होती. त्यानंतर मी नुसती जात होते. तुम्ही म्हणालात, यंदा केक ने. वरूडकडच्या संत्र्यांची साल किसून, त्यांच्याच रसात साखर विरघळवून तुम्ही तो केलात. वर तांबूस, आत पिवळा. मी नको नको म्हणत असताना डबा माझ्या पिशवीत ठेवलात.

त्यांनी खाल्ला. खरंच खाल्ला. डबा फिरला, बाया वाहवा करत होत्या. मग कुणीतरी विचारलं, "कुठल्या बेकरीतला हो? अमरावतीचा का?"

मी म्हटलं, "घरचा आहे. आमच्या यांनी केला."

कुणी थुंकलं नाही, कुणी उठून गेलं नाही. फक्त हात थांबले. कुणाच्या हातात अर्धा तुकडा होता, तो हळूच कागदात गुंडाळला गेला, मुलांसाठी नेते म्हणाल्या. सिंधूताई तेवढ्या खात राहिल्या. खाली मान घालून, हातातला तुकडा संपवून त्यांनी पदराला बोटं पुसली. त्यांच्या घरी दर्यापूरकडे काळ्या मातीची मोठी शेती. नवरा गेल्यावर मुलीला घेऊन अकोल्यात राहायला आल्या होत्या आणि आमच्याच शाळेत शिकवत होत्या.

घरी येऊन मी तुम्हाला सगळं सांगितलं. डबा पुढे ठेवला. तुम्ही झाकण काढून पाहिलंत. तुमचा चेहरा मला अजून दिसतो, पण त्यावर काय होतं ते सांगता येत नाही. मग म्हणालात, "अर्धा तर गेला."

"बेकरीचा म्हणून गेला."

"गेला न?"

"पदार्थ नवा असला तरी हात त्यांना जुनाच दिसतो."

"पुढच्या साली पुन्हा ने."

मी नेला. दर वर्षी नेला. तुम्ही हट्टाला पेटला होतात आणि मी तुमच्या हट्टाला. किती जणींनी खाल्ला ते मी कधी मोजून सांगायचे नाही, नुसता डबा ठेवायचे. तुम्ही झाकण उघडायचात. कधी कमी उरलेला असायचा, कधी जास्त. तुम्ही कमीवर बोट ठेवायचात, मी उरलेल्यावर.

मग एक दिवस सिंधूताईंनी मला व्हरांड्यात थांबवलं. मुलीला पाहायला मुंबईचे लोक यायचे होते, तिला असं काही येतं म्हटलं तर बरं. "तुमचे मिस्टर शिकवतील का हो मला? मी तिला शिकवीन."

त्या रविवारी आल्या. वस्तीतल्या बाया दारादारांत उभ्या राहून बघत होत्या. सिंधूताई खाटेवर टोकाला बसल्या. त्यांनी पिशवीतून अंडी काढली, साखर काढली, मैदा काढला, स्वतःचं कल्हई केलेलं पातेलं काढलं. तुम्ही त्यांना संत्र्याची साल किसायला दिलीत. "पांढरं येऊ देऊ नका ताई, कडू होते. वरचं तेवढंच." त्यांची बोटं किसणीला लागली, तुम्ही हसलात, त्याही हसल्या. भट्टीच्या तोंडाशी हात धरून जाळ कसा ओळखायचा ते दाखवलंत. केक चांगला झाला. मी चहा पुढे केला. "आत्ताच घेऊन आले हो," म्हणाल्या, आणि पातेलं फडक्यात बांधून गेल्या.

तुम्ही खूश होतात. अंगणात येरझारा घालत होतात. "आली का नाई? आपल्या वस्तीत आली, आपल्या खाटेवर बसली. आता बोल."

मी बोलले. "अंडी त्यांची, साखर त्यांची, मैदा त्यांचा, पातेलं त्यांचं. आपलं काय होतं?"

"जाळ तर आपला होता न!"

मला हसू आलं होतं, पण मी हसले नाही. हसले असते तर हरले असते.

सिंधूताई पुढेही येत राहिल्या. मुलीचं लग्न मुंबईत झालं, तरी येत राहिल्या. खजुराच्या करंज्या शिकल्या, लांब्या शेवया शिकल्या. प्रत्येक वेळी पातेलं घरून आणायच्या. पाणी कधी मागितलं नाही. मला त्यांचा राग नव्हता. त्या चांगल्या होत्या. चांगल्या असून पातेलं घरून आणायच्या, हेच मी तुम्हाला सांगत होते आणि तुम्ही ऐकत नव्हतात. तुमचं एकच, "येते न? येऊ दे. म्होरं पाहू."

तुम्ही गेलात त्याच्या तिसऱ्या की चौथ्या दिवशी दुपारी त्या आल्या. हातात काही नव्हतं. पिशवी नाही, डबा नाही. शीला माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली होती. त्या माझ्यासमोर बसल्या. बाहेर भट्टीवर कुणाचं तरी धुणं वाळत होतं, त्या तिकडे पाहत होत्या. मग म्हणाल्या, "जेवलात का?"

मी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, मला माहीत नाही.

त्या उठल्या. माठाजवळ गेल्या, माठावरच्या गडव्यानं पाणी घेतलं आणि उभ्या उभ्या प्यायल्या. मग मांडणीवरची थाळी काढली. शेजारणीनं ठेवलेली भाकर, पिठलं त्यात घेतलं, माझ्यासमोर बसून भाकर मोडली. एक घास स्वतः खाल्ला. मग थाळी मधे सरकवून म्हणाल्या, "खा आता."

मी खाल्लं. त्याही खात होत्या. आम्ही दोघींनी एका थाळीत खाल्लं.

हे मी पाहिलं. मी पाहते आहे हेही मला कळत होतं. आत काहीच झालं नाही. आनंद नाही, राग नाही. पिठल्याला चव नव्हती. एवढंच मनात आलं की हे तुम्हाला सांगायला हवं, आणि मी दाराकडे पाहिलं.

त्या गेल्या. त्यांनी जाताना थाळी स्वतः घासून पालथी घातली. त्याबद्दल मी आभारी आहे. तुमचीही आहे, पण ते शब्द मला अजून हातात धरता येत नाहीत.

तुम्ही म्हणाल, जिंकलो. मला ते मान्य नाही. सिंधूताई केक खाऊन जात विसरल्या असं झालं नाही. त्यांना इतकी वर्षं लागली. आणि घरात माणूस मेलं तेव्हा कुठे त्या पाणी प्यायल्या. केकनं झालं की मरणानं झालं, हे कोण सांगणार? बाकीच्या बाया कुठे आहेत? हेडबाईंनी सांत्वनाची चिठ्ठी पाठवली. हे सगळं मी तुमच्यासमोर एकामागून एक मांडलं असतं. माझी बाजू माझ्याजवळ सगळी तयार आहे.

तुमची तयार होत नाही. तुमचा आवाज आठवतो, 'आयक' म्हणून खाटेवर उठून बसणं आठवतं. पण या वेळी तुम्ही काय म्हणाला असतात, ते मला सुचत नाही. जुनी उत्तरं येतात, ती या प्रश्नाची नाहीत. तुम्ही दर वेळी नवीन काढायचात.

आज दुपारी भांडी घासताना मी मोठ्यानं म्हटलं, "एकच तर आली."

शीलानं आतून विचारलं, "कोण आली, आई?"

"कोणी नाही," मी म्हटलं. मग नळ बंद केला आणि थांबले. मी बोलून झाल्यावर तुम्हाला उत्तर काढायला जेवढा वेळ लागायचा, तेवढा वेळ थांबले.